‘तीन महिन्यांनी या’ की ‘सहा महिन्यांनी या’? टाटाचा एक पेपर नीट वाचूया

रात्री उशिरा सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेसला कुणाला सोडायला गेलात तर बघा, एक्स-रेची मोठी पिशवी मांडीवर धरून बसलेलं कुणीतरी डब्यात हमखास दिसतं. कुठं निघालात म्हणून विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, ‘टाटाला’. म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलला. साडेचारशे किलोमीटर जायचं, सकाळी दादरला उतरायचं, ओपीडीत नंबर लावायचा, तपासणी झाली की परत. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत सवलत मिळते, पण सोबत आलेल्या वडिलांची बुडालेली रोजंदारी कुठल्या खिडकीवर परत मिळत नाही. या सगळ्या धावपळीच्या शेवटी डॉक्टर एक वाक्य बोलतात. ‘तीन महिन्यांनी या.’ किंवा ‘सहा महिन्यांनी या.’

तीन की सहा, हे ठरतं कशावरून? आज आपण जो पेपर वाचणार आहोत तो नेमका याच प्रश्नाचा आहे, आणि तो बाहेरचा नाही, आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलमधल्या अजय पुरी, आशिष गुलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ही रँडमाइझ्ड ट्रायल 2014 मध्ये ‘क्लिनिकल ऑर्थोपेडिक्स अँड रिलेटेड रिसर्च’ या जर्नलमध्ये छापून आली. तिचं छोटं नाव ‘टॉस’.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेटची तयारी करताय. ‘पेपरचं क्रिटिकल अप्रेझल’ हा शब्द सगळ्यांना पाठ असतो, पण प्रत्यक्ष करायची वेळ आली की आपण ‘सॅम्पल साइज लहान आहे’ एवढं लिहून मोकळे होतो. टॉसवर तसं लिहिलंत तर पेपरवरही अन्याय होईल आणि तुमच्याही हाती काही लागणार नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पेपर चांगला आहे, प्रामाणिक आहे. पण त्यात मोजलंय एक, आणि वाचणारे त्यातून उचलतात दुसरंच. त्या दोन्हींमधल्या फटीत पेशंट सापडतो.

आधी आजार समजून घेऊ

हाडात सुरू होणारा कॅन्सर एकूण कॅन्सरमध्ये अगदी थोडा. पण त्यातला ऑस्टिओसार्कोमा पकडतो कुणाला, तर दहावी-बारावीच्या वयातल्या मुलांना. जागाही ठरलेली, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास. खेळताना लागलं असेल म्हणून आधी मालीश होते, मग सूज वाढते, मग एक्स-रे.

उपचार साधारण असा असतो: आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. पूर्वी पाय कापणं हाच मार्ग होता. आता बहुतेक ठिकाणी पाय वाचवतात. गाठ असलेला हाडाचा तुकडा काढून तिथं धातूचा मोठा सांधा बसवतात, त्याला मेगाप्रोस्थेसिस म्हणतात. उपचार संपला म्हणजे आजार संपला असं मात्र नाही. तो परत येऊ शकतो, आणि येतो तेव्हा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, बहुधा फुप्फुसात. फुप्फुसातल्या गाठी वेळेत आणि थोड्या संख्येत सापडल्या तर ऑपरेशननं काढता येतात आणि त्यातले काही रुग्ण पुढं बरे होतात. फॉलोअपचा सगळा खटाटोप या एका आशेवर उभा आहे.

आता प्रश्न असा, की लवकर सापडावं म्हणून किती बघायचं? छातीचा साधा एक्स-रे तालुक्याच्या गावीही निघतो. सीटी स्कॅन जास्त बारीक दाखवतो, पण महाग, आणि रेडिएशनही जास्त. शिवाय आपल्याकडे टीबीचे जुने वण फुप्फुसात असलेली माणसं कमी नाहीत. सीटीत असा बारीकसा ठिपका दिसला की ‘हे काय?’ म्हणून घरात दोन-तीन महिने झोप नाही. तेव्हा जास्त बघण्याचा फायदा खरंच होतो का, हे तपासून बघणं गरजेचं होतं. टॉसनं ते केलं.

एका दगडात दोन पक्षी

हाता-पायाच्या सार्कोमाचे, आजार दूर पसरलेला नाही असे 500 रुग्ण या ट्रायलमध्ये जानेवारी 2006 ते जून 2010 या काळात घेतले. हाडाचे सार्कोमा आणि मऊ भागातले सार्कोमा, दोन्ही त्यात होते. चिठ्ठी टाकल्यासारखं प्रत्येकाचं दोन बाबतींत ठरलं: छाती एक्स-रेनं बघायची की सीटीनं, आणि भेट तीन महिन्यांनी की सहा महिन्यांनी. म्हणजे चार गट झाले. याला फॅक्टोरियल डिझाइन म्हणतात. गंमत अशी की त्याच 500 माणसांत दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात, प्रत्येक प्रश्नाला साधारण अडीचशे विरुद्ध अडीचशे. दुर्मीळ आजारात एवढे रुग्ण मिळवणंच अवघड असतं, तिथं ही काटकसर शहाणपणाची.

पण काटकसरीची किंमत असते. दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले नाहीत, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. इथं ते किती खरं? एक्स-रे कमी दाखवतो. तो तीन महिन्यांनी काढला तर या वेळी निसटलेलं पुढच्या वेळी दिसेल. तोच सहा महिन्यांनी काढला तर? ‘कमी दाखवणारी तपासणी, तीही उशिरा’ हा चौथा गट म्हणजे नुसती दोन परिणामांची बेरीज नसेलही. आणि खेड्यातल्या रुग्णाच्या वाट्याला नेमका हाच गट यायची शक्यता जास्त. फॅक्टोरियल पेपर हातात आला की ‘इंटरॅक्शन’ हा शब्द आधी शोधायचा, ही सवय लावून घ्या. अडीचशेच्या गटांत तो सापडण्याची ताकद सहसा नसते, हेही लक्षात ठेवा.

‘वाईट नाही’ हे सिद्ध कसं करतात?

ही ट्रायल नॉन-इन्फिरिऑरिटी प्रकारची आहे. इथंच बहुतेकांची गाडी घसरते.

नेहमीच्या ट्रायलमध्ये आपण विचारतो, नवं जुन्यापेक्षा चांगलं आहे का? इथं प्रश्न वेगळा: स्वस्त पद्धत महाग पद्धतीपेक्षा ‘सहन होणार नाही इतकी’ वाईट तर नाही ना? सहन होणार नाही म्हणजे किती, हे आधीच ठरवून ठेवायचं. त्याला मार्जिन म्हणतात. टॉसमध्ये ते 10 टक्के ठेवलं, म्हणजे हॅझार्ड रेशोच्या भाषेत 1.36. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. कॅल्क्युलेटर घ्या, 0.50 चा लॉग काढा, त्याला 0.60 च्या लॉगनं भागा. 1.36 येईल. म्हणजे शंभरातले साठ जगण्याऐवजी पन्नास जगले, इथपर्यंतची घसरण म्हणजे ही रेषा.

आता निकाल बघा. तीन वर्षांनी जिवंत असलेले: एक्स-रे गटात 67 टक्के, सीटी गटात 66 टक्के. हॅझार्ड रेशो 0.9, आणि 90 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलची वरची कड 1.13. ती 1.36 च्या बरीच आत आहे. म्हणजे एक्स-रे ‘वाईट नाही’ हे सिद्ध झालं.

दुसरा प्रश्न. सहा महिन्यांच्या गटात तीन वर्षांनी 64 टक्के जिवंत, तीन महिन्यांच्या गटात 69 टक्के. हॅझार्ड रेशो 1.2, वरची कड 1.47. ही 1.36 च्या बाहेर गेली. म्हणजे सहा महिने ‘वाईट नाही’ हे सिद्ध झालं नाही.

इथं दोन चुका होतात, एकमेकींच्या अगदी उलट. पहिली चूक: ‘पेपर म्हणतो कमी फॉलोअप चालतो.’ नाही, 2014 चा पेपर एक्स-रेबद्दल तसं म्हणतो, भेटींच्या अंतराबद्दल म्हणत नाही. लेखकांनी निष्कर्षात हे स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं नाही. दुसरी चूक: ‘म्हणजे सहा महिन्यांनी बोलावणं घातक आहे हे सिद्ध झालं.’ तेही नाही. सिद्ध न होणं म्हणजे उलटं सिद्ध होणं नव्हे. कोर्टात पुरावा कमी पडला म्हणून खटला निकाली निघाला नाही, एवढंच.

ही कड माणसांच्या संख्येत कशी दिसते तेही करून बघा. 0.69 चा 1.47 वा घात काढा, 0.58 येतो. म्हणजे या आकड्यांशी जुळणारी सगळ्यात वाईट शक्यता अशी, की तीन महिन्यांच्या गटात शंभरातले 69 जगत असताना सहा महिन्यांच्या गटात 58 जगतील. हेच एक्स-रेसाठी केलं, 0.66 चा 1.13 वा घात, तर 62-63 च्या आसपास येतं. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पेपरमधला नाही. पण हॅझार्ड रेशो नुसता पाठ करण्यापेक्षा असा उलगडून बघितला की तो आकडा राहत नाही, माणसं होतात. आणि मग मार्जिनबद्दलचा प्रश्नही आपोआप पडतो: शंभरात दहा हे ‘सहन होण्यासारखं’ आहे असं कोण ठरवणार? सांख्यिकीच्या सोयीसाठी हे मार्जिन समजू शकतं. ते लहान ठेवलं असतं तर 500 नव्हे, कितीतरी जास्त रुग्ण लागले असते. पण ज्या घरातलं पोर त्या दहांत असेल त्या घराला हे मार्जिन कुणी विचारलेलं नसतं. ही टीका फक्त टॉसवर नाही, सगळ्याच नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलवर आहे.

पुढची गोष्ट 2018 ची. याच गटानं जास्त काळ पाठपुरावा करून ‘बोन अँड जॉइंट जर्नल’मध्ये सुधारित निकाल दिले. त्यात कमी तीव्रतेच्या फॉलोअपनं जगण्यावर वाईट परिणाम होत नाही या बाजूला निष्कर्ष झुकला. म्हणून नियम लक्षात ठेवा: ट्रायलचा पहिला पेपर वाचून थांबायचं नाही. आणि 2018 चं वाचून 2014 च्या लेखकांना ‘चुकले होते’ म्हणायचं नाही. त्या दिवशी हातात जेवढा पुरावा होता तेवढंच ते बोलले, हीच त्यांची जमेची बाजू.

बारीक दाखवणारी तपासणी ‘हरली’ कशी?

आता एक कोडं. रोगमुक्त जगण्याचं प्रमाण, म्हणजे डिसीज-फ्री सर्व्हायव्हल, एक्स-रे गटात 54 टक्के आणि सीटी गटात 49 टक्के. हॅझार्ड रेशो 0.82. वरची कडही 0.97, म्हणजे एकच्या आत! मग काय, एक्स-रे काढल्यानं आजार परत येणं थांबतं?

अर्थातच नाही. रोगमुक्त जगण्याचं घड्याळ थांबतं कधी, तर आजार परत आलेला दिसतो तेव्हा. सीटी तो लवकर दाखवतो, म्हणून सीटी गटाचं घड्याळ लवकर थांबतं. आजार दोन्हीकडं तोच आणि तेवढाच. फक्त एकीकडं आपल्याला आधी कळलं. जिथं तपासणीच बदललेली आहे, तिथं ‘तपासणीत सापडेपर्यंतचा काळ’ हे माप वापरणं म्हणजे तराजूचा काटाच एका बाजूला वाकवून वजन करणं. लेखकांनी एकूण जगण्याला प्राधान्य दिलं ते म्हणूनच बरोबर. मृत्यूची तारीख कुठल्या मशीननं बघितलं त्यावर ठरत नाही.

ही गोष्ट मुलाखतीत विचारतात. पण त्यापेक्षा महत्त्वाचं असं, की पेशंटच्या नातेवाइकाला हेच उलटं समजावून दिलेलं मी ऐकलंय: ‘सीटी केला असता तर आधी कळलं असतं.’ कळलं असतं, खरंय. पण आधी कळल्यानं माणूस जास्त जगला असता का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि टॉसचं उत्तर ‘तसं दिसत नाही’ असं आहे. एखाद्या आईच्या मनावरचं ओझं यानं थोडं हलकं होऊ शकतं. पेपर नीट वाचण्याचा हाही उपयोग.

आणखी दोन शंका आहेत, त्या तुम्ही पेपर उघडून स्वतः तपासा. एक, वेगवेगळ्या धोक्याचे रुग्ण एकत्र घेतले की ज्यांचा आजार मुळात परत येणारच नव्हता त्यांना तीन काय आणि सहा काय, सारखंच. असे रुग्ण जितके जास्त तितका दोन गटांतला फरक पुसट. दोन, सहा महिन्यांच्या गटातले काही जण त्रास झाला म्हणून आधीच आले, किंवा तीन महिन्यांच्या गटातले काही जण पैशाअभावी आलेच नाहीत, तरी फरक पुसट होतो. नेहमीच्या ट्रायलमध्ये असा पुसटपणा नव्या उपचाराच्या विरोधात जातो. नॉन-इन्फिरिऑरिटीमध्ये तो ‘वाईट नाही’ या निष्कर्षाच्या बाजूनं जातो. ढिसाळपणाचं इथं बक्षीस मिळतं. म्हणून अशा ट्रायलमध्ये ठरल्याप्रमाणे भेटी किती झाल्या, हा तक्ता सगळ्यात आधी बघायचा.

आता माझं खरं भांडण

इथपर्यंतचं सगळं पेपरच्या आतलं होतं. माझा मुख्य मुद्दा पेपरच्या बाहेरचा आहे.

टॉसमध्ये भेट म्हणजे काय? आजार परत आलाय का ते बघण्याची संधी. प्रश्न, मोजमाप, निष्कर्ष, सगळं त्याभोवती. पण समजा, मोहोळ तालुक्यातला सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. काल्पनिकच समजा. त्याच्या गुडघ्यात मेगाप्रोस्थेसिस आहे, केमो संपून वर्ष झालंय. तो परळला जातो ते फक्त आजार परत आला का हे बघायला? त्याच्या अंगावर उपचारांचे जे परिणाम आहेत, ते कोण बघतं?

सांध्यापासून सुरू करू. हेंडरसन आणि सहकाऱ्यांचा 2011 चा एक गाजलेला पेपर आहे. ट्यूमरसाठी बसवलेल्या अशा सांध्यांचे 2174 रुग्ण त्यांनी बघितले. त्यांत 534 वेळा सांधा निकामी झाला. जवळजवळ चारातला एक. त्यांनी निकामी होण्याचे पाच प्रकार पाडले: आजूबाजूच्या मऊ भागाचं अपयश, जंतूविना सांधा सैल होणं, धातू किंवा हाड मोडणं, जंतुसंसर्ग, आणि गाठ पुन्हा वाढणं. नीट बघा, पाचांतला एकच प्रकार कॅन्सरचा आहे. उरलेले चार उपचारांचे परिणाम आहेत. आणि त्यांच्या रुग्णांत सगळ्यात जास्त आढळला तो जंतुसंसर्ग. (त्याच पेपरमध्ये आधीच्या साहित्याचा आढावाही आहे, तिथं पहिला नंबर सैल होण्याचा. स्वतःच्या रुग्णांत एक आणि साहित्यात दुसरं, असं का व्हावं, यावर एक पान लिहून बघा. चांगला अभ्यास होईल.)

आता औषधं. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतं, आणि तो परिणाम काही वर्षांनीही वर येऊ शकतो. एकूण किती डोस गेला यावर धोका वाढत जातो. सिस्प्लॅटिननं आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. मुलाला ऐकू येत नाही असं कुणालाच वाटत नाही, पण वर्गात मागच्या बाकावर बसून ‘स’ आणि ‘श’ निसटतात आणि गुरुजी म्हणतात लक्ष नसतं. आयफोस्फामाइड मूत्रपिंडाच्या नळ्यांना इजा करतं. फॉस्फेटसारखे क्षार लघवीतून वाहून जातात आणि वाढत्या वयात हाडं कमजोर होतात. मूल होण्याच्या क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो, ज्याबद्दल केमो सुरू होण्याआधी बोलायला हवं आणि लाजेपोटी ते राहून जातं. वाढत्या वयात ऑपरेशन झालं असेल तर दोन पायांची लांबी कमी-जास्त होते.

यातलं काहीही छातीच्या एक्स-रेत दिसत नाही. सीटीतही दिसत नाही. भेट सहा महिन्यांवर गेली तर यांपैकी काय उशिरा कळेल, त्यानं काय बिघडेल, की काहीच बिघडणार नाही, हा प्रश्न टॉसच्या चौकटीतच नव्हता. म्हणून ‘कमी फॉलोअप सुरक्षित’ हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्य असं: ‘कॅन्सरनं मरण येण्याच्या दृष्टीनं कमी फॉलोअप सुरक्षित.’

तुम्ही म्हणाल, एका ट्रायलनं सगळं कसं मोजायचं? रास्त आहे. पण याच क्षेत्रातल्या दोन ट्रायल शेजारी ठेवून बघा. पॅरिटी नावाची आंतरराष्ट्रीय ट्रायल, 2022 मध्ये निकाल आला, 604 रुग्ण. पायात मेगाप्रोस्थेसिस बसवल्यावर अँटिबायोटिक एक दिवस द्यायचं की पाच दिवस? संसर्ग पाच दिवसांच्या गटात 15.0 टक्के, एक दिवसाच्या गटात 16.7 टक्के, म्हणण्यासारखा फरक नाही. पण अँटिबायोटिकमुळे होणारे त्रास पाच दिवसांच्या गटात जवळजवळ तिप्पट. दुसरी युरॅमॉस-1. केमोला गाठीनं नीट प्रतिसाद दिला नाही अशा 618 रुग्णांत ऑपरेशननंतर आणखी दोन औषधं वाढवून बघितली. आजार परत येण्यात फरक पडला नाही, औषधांचे त्रास मात्र वाढले. तिन्ही ट्रायल एकच विचारतात, ‘जास्त केलं म्हणजे चांगलं होतं का?’ आणि तिन्हींचं उत्तर जवळपास सारखं. फरक एवढाच, की पॅरिटी आणि युरॅमॉसनं ‘जास्त’चा त्रासही मोजला. टॉसच्या निकालाच्या केंद्रस्थानी ना जास्त भेटींचा त्रास आहे, ना कमी भेटींमुळे राहून गेलेल्या गुंतागुंती. सोलापूरहून जाणाऱ्यासाठी खरा तराजू या दोन पारड्यांचा आहे.

हातातला पेपर आणि हातातला मुलगा

टॉसमधली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हेडलाइनमध्ये नाही. जिथं ऑपरेशन झालं तिथंच गाठ परत आली, अशा बहुतेक वेळा ती स्वतः पेशंटच्या लक्षात आली होती. म्हणून लेखक म्हणतात, स्वतः तपासायला शिकवलं तर अशा बहुतेक गाठी सापडतील. आणि लगेच पुढं कबूल करतात, की हे शिकवणं आम्ही थेट तपासलेलं नाही.

ही कबुली म्हणजे तुमच्यासाठी उघडं दार आहे. शिकवलं म्हणजे काय शिकवलं? कुठल्या भाषेत? ‘गाठ आली तर दाखवा’ एवढंच, की सांध्याची जागा गरम लागली, लाल झाली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर सहा महिने थांबू नका, हेही? कारण गावात ताप आला की आधी गोळी खातात, आणि सांध्यातल्या संसर्गात ते चार-आठ दिवस महागात पडू शकतात. भेटी कमी करायच्या असतील तर मधल्या सहा महिन्यांची जबाबदारी कुणाकडं तरी सोपवायला लागते: मुलाकडं, घरच्यांकडं, गावातल्या डॉक्टरांकडं. कमी फेऱ्यांचा फायदा हवा आणि जबाबदारी कुणालाच सांगायची नाही, असं केलं तर त्या ट्रायलचा निकाल आपण वापरत नाही, फक्त तिचं नाव वापरतो.

हाच तीन-की-सहा, एक्स-रे-की-सीटी प्रश्न आता सेफ्टी नावाच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलनं हाता-पायाच्या मऊ भागातल्या सार्कोमासाठी घेतलाय. म्हणजे परळला विचारलेला प्रश्न जगानं उचलला. पण मधल्या महिन्यांत घरी काय घडतं, हे मोजायला कुणी टोरंटोहून मोहोळला येणार नाही. ते आपणच मोजायचं.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, 1987 मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. दवाखान्यात बसून पेशंट यायची वाट बघितली तर खेड्यातले रुग्ण मोजलेच जाणार नाहीत, हे त्या लोकांना कळलं होतं. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणलं. मोजायचं असेल तर घरापर्यंत जावं लागतं, हा धडा सोलापूर जिल्ह्यानं देशाला दिलेला आहे. हाडाच्या कॅन्सरचे रुग्ण एका जिल्ह्यात थोडे, त्यामुळे दोन-चार जिल्हे एकत्र घ्यावे लागतील. फोनवर महिन्याला पाच प्रश्न, एवढ्यानंही सुरुवात होईल: ताप? सूज? चालताना नवा त्रास? धाप? ऐकू येतं?

आता तुमचा गृहपाठ. टॉसचे दोन्ही पेपर, 2014 आणि 2018, शेजारी शेजारी ठेवून वाचा. एका कागदाच्या डाव्या बाजूला ‘यांनी काय मोजलं’ ते लिहा. उजव्या बाजूला, सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये पिशवी घेऊन बसलेल्या त्या वडिलांना काय जाणून घ्यायचंय, ते लिहा. उजवीकडं आहे आणि डावीकडं नाही असं जे उरेल, त्यातलाच एखादा मुद्दा तुमच्या पीएचडीचा विषय असू शकतो.